मुठीतले पावणेतेवीस परार्ध

अमावास्येच्या रात्री मुंबईजवळच्या वांगणीच्या माळावर कुणी लेझरचा हिरवा झोत आकाशात सोडला की शंभर माना एकदम वर वळतात. हा व्याध, ही तांबूस रोहिणी, या कृत्तिका! झोत जणू ताऱ्याला जाऊन टेकतो. यंत्र केवढं? पेनाएवढं. सेल दोन. आणि झोताची ताकद? अवघी पाच मिलिवॅट! देवघरात रात्रभर तेवणारा एलईडीचा इवला दिवा अर्धा वॅट वीज खातो, त्याचा हा शंभरावा हिस्सा. परतीच्या लोकलमध्ये मग एकच चर्चा रंगते. हा मिळतो कुठे? पडतो केवढ्याला? आणि याहून जोरदार मिळतो का?

मिळतो, आणि केवढा जोरदार! २०१० साली हाँगकाँगच्या विकेड लेझर्स या कंपनीने ‘स्पायडर थ्री आर्क्टिक’ नावाचा निळा लेझर विकायला काढला. हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा, ताकद एक वॅट, किंमत सुमारे २०० डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण नऊ हजार तीनशे रुपये! हे इतकं स्वस्त जमलं ते प्रोजेक्टरमुळे. कॅसिओने दिव्याऐवजी लेझर वापरणारे प्रोजेक्टर बाजारात आणले होते, आणि एकेकाच्या पोटात २४ निळे डायोड होते. हौशी लोकांनी प्रोजेक्टर खोलले आणि डायोड काढून घेतले. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर मेमनने कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या प्रयोगशाळेत पहिला लेझर पेटवला तो १६ मे १९६० रोजी. तिथून पन्नास वर्षांत एक वॅटचा झोत खिशात आला. ‘आर्क्टिक’चं रूप ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या प्रकाशाच्या तलवारीच्या मुठीसारखं होतं, इतकं की ते काढणाऱ्या लुकासफिल्मने कंपनीला कायदेशीर पत्र धाडलं.

आता एक वॅट म्हणजे किती? वीजबिलाच्या भाषेत बोलायचं तर काहीच नाही. बिलावरच्या एका युनिटएवढी ऊर्जा या झोतातून बाहेर पडायला एक हजार तास लागतील, म्हणजे जवळजवळ ४२ दिवस, अखंड! हे वाचून वाटतं, एवढंसं तर आहे. थांबा. आता प्रकाशाचे कण मोजू.

प्रकाश कणाकणांनी येतो, त्या कणाला फोटॉन म्हणतात. एका वॅटच्या निळ्या झोतातून दर सेकंदाला किती फोटॉन सुटतात, तर २२७ वर सोळा शून्यं. हा आकडा वाचायला लाख-कोटी पुरत नाहीत. पण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त शिडी बांधून ठेवली आहे. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सर्वांत वरची पायरी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. नऊशे वर्षांपूर्वीची ही शिडी, आणि मुठीतली नळी दर सेकंदाला तिच्या शेवटच्या पायरीवरून बावीस वेळा उडी मारते. पावणेतेवीस परार्ध!

हे मनात भरवायचं कसं? प्रत्येक फोटॉनच्या जागी तांदळाचा एक दाणा ठेवू. हजार दाणे म्हणजे साधारण वीस ग्रॅम. तर एका सेकंदाचे तांदूळ भरतात साडेचार हजार कोटी टन! भारतात २०२३-२४ मध्ये पिकला तो तांदूळ जेमतेम चौदा कोटी टन. म्हणजे सगळा देश सव्वातीनशे वर्षं भात पिकवेल तेव्हा एका सेकंदाचा हिशेब चुकता होईल. हा तांदूळ मालगाडीत भरा. धान्याच्या एका गाडीत सुमारे २,६०० टन मावतात, तेव्हा लागतील एक कोटी सत्तर लाखांवर मालगाड्या. त्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग एक कोटी किलोमीटरच्या पुढे जाईल. चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे या रांगेच्या पंचवीस पदरांचा पूल चंद्रापर्यंत बांधता येईल. दाण्याऐवजी रुपया ठेवा. देशाचं २०२३-२४ चं सकल उत्पन्न साधारण ३०० लाख कोटी रुपये धरलं तर साडेसात हजार वर्षांची कमाई एका सेकंदात उधळली. आणि बसून मोजायचं म्हटलं, सेकंदाला एक? ७,२०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. विश्व पाच वेळा जन्माला येईल तरी मोजणी संपणार नाही, आणि आपण बटण दाबलं होतं फक्त एक सेकंद!

माळावरचा तो पाच मिलिवॅटचा हिरवा झोतही काही कमी नाही. त्यातून सेकंदाला एक मध्य आणि वर आणखी तिसरा हिस्सा एवढे फोटॉन सुटतात. जगातल्या आठशे कोटी माणसांना वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा लाख!

हे सगळे कण पळतात कसे, तेही बघू. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून हे अंतर कापते आहे, आणि आज तिला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. प्रकाशाला किती? सेकंदाचे हजार तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याचाही दोन तृतीयांश भाग पुरतो. गाडी सुटताना आकाशात झोत सोडा, लोणावळ्याची चिक्की घ्या, पुण्याला उतरा. तेवढ्या वेळात झोताचं टोक ३५० कोटी किलोमीटर पार करून युरेनसच्या कक्षेपलीकडे गेलेलं असेल.

खोक्यावर पल्ल्याचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. पण पल्ल्यापेक्षा झोत किती फाकतो ते विचारावं. चांगला हाती लेझर दर किलोमीटरला साधारण एक मीटर फाकतो. मुंबईहून पुणे सरळ रेषेत १२० किलोमीटर, म्हणजे मध्ये सह्याद्री नसता तर पुण्यात १२० मीटर रुंदीचा ठिपका पडला असता, एखाद्या क्रिकेटच्या मैदानाएवढा. चंद्रावर तोच ठिपका ३८४ किलोमीटर रुंद होतो, मुंबई ते कोल्हापूर! न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेत शास्त्रज्ञ अगदी माळावरच्या झोतासारख्याच हिरव्या रंगाचा लेझर साडेतीन मीटरच्या दुर्बिणीतून चंद्रावर मारतात. तिथे अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेले आरसे आहेत. या लेझरच्या एका स्पंदात तीन परार्ध फोटॉन असतात, आणि स्पंद इतका क्षणिक की जेवढा वेळ तो चालू असतो तेवढा वेळ त्याची ताकद बाराशे मेगावॅटच्या वर जाते. कोयनेच्या सगळ्या वीजघरांची मिळून क्षमता आहे १,९६० मेगावॅट! त्या तीन परार्धांतून परत येतो सरासरी एक फोटॉन. तीन परार्ध गेले, एक आला. असे एकेक करून जमलेल्या अनेक फोटॉनांवरून चंद्राचं अंतर मिलिमीटरच्या हिशेबात निघतं.

आता बाजारात या. नळीवरच्या चिकटपट्टीवर ‘५ मिलिवॅट’ लिहिलंय, ते खरं मानायचं का? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने, एनआयएसटीने, १२२ लेझर पॉइंटर मोजून २०१३ मध्ये निकाल जाहीर केला. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लाल पॉइंटरांपैकी ४४ टक्के नियमात बसले नाहीत! मर्यादा पाच मिलिवॅटची, आणि एकाने दिले ६६.५ मिलिवॅट. पंपावर एक लिटर पेट्रोल मागावं आणि टाकीत तेरा लिटर पडावं, असा हा प्रकार. एरवी असा दुकानदार मिळाला तर नवस फेडू, इथे मात्र ही खैरात अंगावर येणारी आहे.

त्याआधी २०१० मध्ये याच संस्थेला पंधरा डॉलरचा एक हिरवा पॉइंटर सापडला होता. लेबलावर दहा मिलिवॅट होतं, हिरवा ठिपका मंद होता, आणि न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र जवळजवळ वीस मिलिवॅट! असा हिरवा लेझर मुळात अवरक्त असतो आणि आतल्या स्फटिकातून जाताना हिरवा होतो. स्वस्त नळीत तो अवरक्त अडवणारी गाळणीच बसवत नाहीत. काही रुपये वाचतात, आणि आंधळा प्रकाश बाहेर सांडतो. तो दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, हे त्यातलं सर्वांत वाईट. घरी ओळखायची युक्तीही त्यांनीच सांगितली. आधी टीव्हीच्या रिमोटचं टोक दाबल्यावर चमकताना दिसतं असा कॅमेरा शोधायचा. मग लेझर घट्ट बसवून झोत सीडीवर पाडायचा आणि तिच्यावरून पसरलेले ठिपके कॅमेऱ्याने टिपायचे. डोळ्याला न दिसलेला ठिपका फोटोत उमटला, तर नळी गळते आहे. निळ्याची फसवणूक वेगळी. सारख्याच ताकदीचा हिरवा झोत आपल्या डोळ्याला निळ्याच्या तीसपट उजळ दिसतो, म्हणून एक वॅटचा निळा आपल्याला वाटतो तीसपट दुबळा. वाटतो, असतो मात्र पुरा एक वॅट.

आणि लोक हे झोत मारतात कशावर? विमानांवर! अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे २०२३ या एका वर्षात १३,३०४ तक्रारी आल्या. दर चाळीस मिनिटांना एक. डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला पोचेपर्यंत पाच वैमानिकांच्या खिडकीत हिरवा-निळा भडका उडालेला. तिथे याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती योग्यच आहे.

आता सगळ्यांत लहान जागेचा सगळ्यांत मोठा आकडा. सहा मीटर रुंदीची गोल विहीर घ्या, दहा मीटर पाण्याची. २ लाख ८३ हजार लिटर, दहा हजारी टँकर अठ्ठावीस. एक वॅटचा लेझर तिच्यात सोडून ते पाणी एका अंशाने तापवायला किती वेळ? साडेसदतीस वर्षं! जन्मलेलं पोर चाळिशीकडे झुकेल तेव्हा विहीर एक अंशाने कोमट होईल. आता तीच ताकद विहिरीऐवजी वीस मायक्रॉनच्या थेंबात कोंबा, केसापेक्षाही बारीक. सगळी ऊर्जा त्यातच मुरली तर एक अंश तापायला लागणारा वेळ आहे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या सतरापट. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचतो. विहिरीला साडेसदतीस वर्षं, थेंबाला एवढंच!

हा थेंब काही कल्पनेतला नाही. आपल्या डोळ्याचं भिंग समांतर झोत नेमका एवढ्याच ठिपक्यात आणून पडद्यावर टेकवतं. अंधारात बाहुली सात मिलिमीटर उघडते आणि तिच्यात शिरलेला प्रकाश एक लाखपट दाट होतो. लाखपट म्हणजे चाळीस गुंठ्यांवर पडणारं दुपारचं ऊन फरशीच्या वीस सेंटिमीटरच्या एका तुकड्यावर गोळा करणं. त्या एका एकराच्या उन्हाची ताकद पाच हजार चारशे अश्वशक्ती भरते, म्हणजे एक्सप्रेस ओढणाऱ्या डब्ल्यूएपी-७ इंजिनाच्या जवळपास. अख्खं इंजिन एका फरशीवर! एक वॅटचा झोत पुरा आत शिरला तर त्या ठिपक्यावर दुपारच्या उन्हाच्या बत्तीस लाखपट तेज पडतं. बत्तीस लाख सूर्य! पाच मिलिवॅटलाही सोळा हजार. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात एक वॅटच्या निळ्या झोतातले पाच परार्धांहून अधिक फोटॉन आत जाऊन पोचलेले असतात. उष्णता आजूबाजूला पसरते हे खरं, पण पडद्याला तेवढी सवड कुठली? जळालेली ती जागा पुन्हा उगवत नाही. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी तरुण पोरांच्या डोळ्यांचे पडदे भाजल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली.

म्हणून घेणाऱ्याने एक अंतर पाठ करून ठेवावं. पाच मिलिवॅटचा झोत थेट डोळ्यात गेला तर साधारण सोळा मीटरपर्यंत इजेचा धोका असतो, रेल्वेच्या एका डब्यापेक्षा कमी. एक वॅटला तेच अंतर होतं २२४ मीटर, दहा डब्यांची गाडी! गाडीच्या टोकाला उभ्या असलेल्या अनोळखी पोराचा डोळा आपल्या अंगठ्याखाली असतो. एक वॅटचा घेणारच असाल तर त्याच रंगासाठी बनवलेला चष्मा आधी घ्या. त्यावर ‘ओडी ४’ लिहिलेलं असलं, तर दहा हजारांतला एकच भाग आत येतो. मुंबई-पुण्याचे १९२ किलोमीटर आकसून एकोणीस मीटर व्हावेत तसं. उन्हाचा गॉगल इथे काही कामाचा नाही. झोत कधीही विमानाकडे, वाहनाकडे, आरशाकडे, माणसाकडे वळवू नका, आणि नळी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि नुसते तारेच दाखवायचे असतील तर मोजून तपासलेला, गाळणी असलेला पाच मिलिवॅटचा हिरवा घ्या. वांगणीच्या माळावर शंभर माना वर वळवायला तेवढा पुरतो.