पाणी कोण सोडायचं?

बेंगळुरूच्या कडेला शहराने गिळलेलं गाव ओळखायची एक सोपी खूण आहे. वर्तूर, बेगूर, जक्कूर अशा भागांत काचेच्या इमारतींच्या मधोमध अजून एखादा जुना चौक असतो, एखादं देऊळ असतं, आणि आसपास कुठेतरी दोरीने बांधलेला एक फलक असतो. त्यावर म्हाताऱ्याचा नाहीतर म्हातारीचा फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, वर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली मुला-सुना-नातवंडांची यादी. हे दोन शब्द कन्नडमध्येही जसेच्या तसे आहेत, त्यामुळे लिपी न येणाऱ्या मराठी माणसालाही कुणी वाचून दाखवले की लगेच कळतात. फोटोतल्या माणसाने उभं आयुष्य कुठल्या जमिनीत काय पेरलं, त्या जमिनीला पाणी कुठून यायचं, तिथे आज काय उभं आहे, यातलं काहीच फलकावर नसतं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रातल्या निधनवार्ताही याच वळणाच्या. गेलेला माणूस ‘कष्टाळू’ आणि ‘मनमिळाऊ’ असतो, त्याच्या पश्चात मोठा परिवार असतो. कष्ट कसले, ते कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं या उणिवेपुरतंच आहे. शेतकरी म्हाताऱ्यांची आठवण राखायची असेल, तर स्वभावाचं वर्णन पुरत नाही. त्यांचं काम बारीकसारीक तपशिलासह नोंदवावं लागतं. तसं झालं नाही तर माणूस जातो आणि त्याच्याबरोबर जमिनीचं ज्ञानही जातं.

कुणाची आठवण दगडावर कोरायची, याचा निवाडा या मुलखाने फार पूर्वीच केलेला आहे. हेब्बाळमध्ये इ.स. ७५०च्या सुमाराचा एक वीरगळ सापडला. हल्ला परतवताना मेलेल्या कित्तय्या नावाच्या माणसाचा तो आहे, आणि आज हेब्बाळकरांनी त्यावर मंडप बांधून तो जपला आहे. बेगूरच्या वीरगळावर तर बेंगळुरूच्या लढाईचाच उल्लेख आहे आणि तो साधारण नवव्या शतकाच्या अखेरचा. गाईगुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्यांचे वीरगळ दख्खनभर आहेत. म्हणजे गुरांसाठी एका दुपारी मेलेल्या माणसाला दगड मिळाला आणि तीच गुरं साठ वर्षं राखून खाटेवर मेलेल्याला काही मिळालं नाही. तलाव बांधणाऱ्याला, त्यासाठी जमीन इनाम देणाऱ्यालाही शिलालेखांत जागा आहे. त्या तलावाचं पाणी रोज वाटून देणाऱ्याचं नाव मात्र शोधूनही सापडत नाही. आजचे फलक हीच जुनी रीत पुढे चालवतात. फरक एवढाच की दगड हजार वर्षं टिकला आणि फलक एका पावसाळ्यात विटतो.

आठवणीतून एक अख्खं गाव उभं करण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण याच शहराशी जोडलेलं आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहून अभ्यास केला. लेखनात त्यांनी त्या गावाला ‘रामपुरा’ हे टोपणनाव दिलं. पुढे १९७०च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अभ्यासकेंद्रात असताना तिथे आग लावली गेली आणि वर्षानुवर्षं खपून नीट लावलेल्या त्यांच्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी स्मरणावर भिस्त ठेवून लिहायला घेतलं आणि १९७६ साली ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ हे पुस्तक आलं. दरम्यान ते बेंगळुरूला येऊन स्थायिक झाले होते आणि १९९९ मध्ये इथेच वारले. कागद जळूनही पुस्तक उभं राहिलं, ही गोष्ट नेहमी स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरंच काही दिसतं. श्रीनिवासांना आठवलं, कारण १९४८ मध्ये त्यांनी नेमकं विचारून ठेवलं होतं. त्या पुस्तकात शेतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. लोक मनमिळाऊ होते की नव्हते एवढंच टिपलं असतं, तर आगीनंतर आठवायला फारसं काही उरलं नसतं.

नेमकं म्हणजे काय, ते पाण्यावरून लवकर ध्यानात येतं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे आणि जवळ मोठी बारमाही नदी नाही. म्हणून गेली कित्येक शतकं इथल्या लोकांनी उतारावर बांध घालून पाऊस अडवला. एक तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात जायचं, तो भरला की त्याच्या खालच्या. कन्नडमध्ये तलाव म्हणजे केरे, सांडवा म्हणजे कोडी, मोरी म्हणजे तूबु आणि तलावांना जोडणारा मोठा ओढा म्हणजे राजकालुवे. मोरी उघडण्या-मिटण्याचं काम नीरगंटी नावाच्या गावकामगाराकडे असे. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फडपद्धतीत पाटकरी असतो, साधारण तसाच. कुणाच्या वाफ्याला किती वेळ पाणी, टंचाईत कुणाची पाळी आधी, पाऊस लांबला तर भात करायचं की नुसती नाचणी, हे त्याला तोंडपाठ असे. मोबदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. हेसरघट्ट्याचं पाणी १८९६ पासून नळाने शहरात यायला लागलं, १९७४ पासून कावेरी आली आणि शहराच्या लेखी तलावाचं काम संपलं. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम. तलाव गेले तसे त्यांचे ओढे नकाशावर राहिले आणि जमिनीवर बुजले. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूरच्या बाजूला संगणक कंपन्यांचा पट्टा पाण्याखाली गेला, तेव्हा अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेरीला गेले. त्यांची छायाचित्रं देशभर छापून आली आणि लोक हसलेही. त्याच उतारावर कधीकाळी पाण्याची पाळी लावणारा माणूस होता, याची आठवण त्या गडबडीत फारशी कुणाला झाली नाही.

अशा आठवणी नोंदवण्यावर पहिला आक्षेप सरळ येतो. उपग्रहाची छायाचित्रं आहेत, महसूल खात्याचे जुने नकाशे आहेत, उताराची मापं आहेत. मग ऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडी आठवणींचं काय घेऊन बसायचं? नकाशा ओढ्याची रेघ दाखवतो हे खरंच आहे. पण तो ओढा कोणत्या नक्षत्रात वाहू लागायचा, कुठल्या वळणावर दरवर्षी फुटायचा, फुटला की बांध घालायला कोणाच्या घरचे हात यायचे, हे नकाशात नसतं. पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरूच्या तलावांचा इतिहास लिहिताना जुने दप्तर, नकाशे आणि म्हाताऱ्यांच्या मुलाखती एकत्र वापरल्या. संपंगी तलावाच्या त्यांच्या अभ्यासातून कळतं की तलावाच्या पाण्यावर मळे पिकवणारी माळी मंडळी एकीकडे होती आणि पोलोच्या मैदानासाठी जागा कोरडी हवी असलेले लष्करातले गोरे दुसरीकडे. कोण जिंकलं, ते आजचं स्टेडियम सांगतं. तलावाचा एक छोटासा तुकडा कुंडासारखा उरला आहे आणि चैत्रातल्या करगा उत्सवाच्या विधीत त्याला अजून स्थान आहे. करगा हा तिगळ समाजाचा, म्हणजे जुन्या बेंगळुरूला फळं-भाजी पुरवणाऱ्या बागायतदारांचा उत्सव. व्यवसाय गेला, तलाव गेला, विधीने मात्र पाण्याची जागा धरून ठेवली. पण विधी जागा सांगतो, रीत सांगत नाही. कुठल्या महिन्यात काय लावत होता, हे विधीला विचारून कळत नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. म्हातारपणी सगळं जुनं गोड वाटतं, आणि जुनं गाव गोड नव्हतंच. नीरगंटी, तोटी (गावचाकर), तळारी (राखणदार) ही कामं जातीने नेमून दिलेली होती. पाणी वाटणारा पुष्कळदा दलित असे आणि त्याच्या हातचं पाणी पिणं मात्र गावाला चालत नसे. कर्नाटकात १९६१च्या कायद्याने वंशपरंपरेची गावकामं रद्द झाली, ते उत्तमच झालं. हे सगळं मला मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. ‘तुमच्या वेळी गाव कसं होतं?’ असा मोघम प्रश्न टाकला की उत्तर देतो पाटील-गौडांच्या घरचा कर्ता आणि गाव सुखी समाधानी निघतं. ‘तलावातला गाळ कोण उपसायचं? मजुरी धान्यात की पैशात? जेवण कुठे बसून करायचं?’ असं विचारलं की तोच माणूस अडखळतो आणि उत्तरासाठी दुसऱ्या वस्तीत जावं लागतं. काम विचारलं की जात आपोआप बाहेर येते, गोडवा विचारला की ती झाकली जाते. श्रीनिवासांवरही ही टीका झालीच. गावाकडे त्यांनी वरच्या जातींच्या ओट्यावरून पाहिलं, असं अनेकांनी म्हटलं आहे, आणि ते बरंचसं खरं आहे. तरी त्यांनीच एक अशी नोंद करून ठेवली आहे की जिच्यापुढे ‘जुनं ते सोनं’ टिकत नाही. १९५२च्या उन्हाळ्यात रामपुऱ्यात सरकारी बुलडोझर जमीन सपाट करत होता आणि त्याचा चालक फावल्या वेळात जादूटोण्याचे प्रयोग करून गावकऱ्यांची करमणूक करत होता. गावाला यंत्र हवं होतं, आणि यंत्र चालवणाऱ्याला मंत्र.

घरच्या कर्त्यानेच गावाची गोष्ट सांगण्याच्या चुकीचं मोठ्या प्रमाणावरचं रूप दूर कॅनडात दिसतं. तिथल्या सस्कॅचवान या गवताळ मैदानी प्रांताला १९८० साली ७५ वर्षं पूर्ण झाली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी स्थानिक इतिहासाची पुस्तकं काढली. कोणतं कुटुंब कधी आलं, पहिलं घर कसं बांधलं, पहिली कापणी कशी झाली, हे घरातल्या माणसांनीच लिहिलं. शेतकऱ्यांच्या आयुष्याची एवढी दप्तरं आपल्याकडे कुठल्याही तालुक्यात नाहीत. हेवा वाटावा असंच ते काम आहे. पण घराण्यांनी स्वतःबद्दल लिहिलं की ज्यांची जमीन घेऊन ही घरं उभी राहिली, ते मूळचे लोक पानांतून गळतात. महाराष्ट्रात याच्या उलट बाजूने एक काम झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बायकांच्या आणि गावांच्या नावांसकट. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतात. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव कधी लागलं नाही, त्या बायका तिथे बोलतात, आणि बोलतात त्या दळणाच्या कामातून. नुसतं ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलं असतं, तर त्यांतल्या कितीतरी जणींनी ‘काय सांगायचं, रांधा-वाढा-उष्टी काढा’ म्हणून विषय मिटवला असता.

राहिली शंका स्मरण चुकण्याची. ते चुकतंच, साल चुकतं, क्षेत्र फुगतं, स्वतःचा बैल सगळ्यांत देखणा ठरतो. पण कामाची आठवण पडताळता येते, ही तिची मोठी सोय आहे. बेंगळुरूच्या आसपास नाचणी पेवात साठवायचे. पेवाला कन्नडमध्ये हगेवु म्हणतात, आणि धान्य त्यात वर्षानुवर्षं टिकायचं. पेव कुठे होतं, किती खोल होतं, तोंड कशाने लिंपायचं, उघडल्यावर लगेच आत का उतरायचं नाही, हे तीन घरांतल्या तीन म्हाताऱ्यांना वेगवेगळं विचारलं तर खरं-खोटं निवडता येतं. नाचणीच्या ओळींमध्ये पावटा, तूर, मोहरी कितव्या ओळीला पेरायची, ही इथली ‘अक्कडी सालु’ नावाची मिश्र पिकाची रीतही तशीच तपासता येते. ‘माणूस देवासारखा होता’ हे कशाशी ताडून पाहणार? आणि कायद्यानेही अशा साक्षीवर भरवसा ठेवलेला आहे. १९७४ नंतर कर्नाटकात कूळकायदा राबवला गेला तेव्हा तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्यांकडे कागद नसायचा. नांगर कोणाचा चालतो, हे भून्यायाधिकरणापुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन सांगायचं. अशा आठवणींवर कुळं मालक झाली.

अशा नोंदींना मोठी संस्था लागत नाही. सध्याच्या मोबाइलमध्ये आवाज टिपायची सोय असतेच, आणि महाविद्यालयांत समाजशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत हिंडत असतात. अडचण आहे ती जागेची. शेत डोळ्यांसमोर असेल तर म्हातारा माणूस बांधावर उभा राहून बोट दाखवत बोलतो, आणि एकातून दुसरं आठवत जातं. इमारतीच्या सातव्या मजल्यावर, मुलाच्या घरी सोफ्यावर बसवून विचारलं, तर तो तब्येतीबद्दल बोलतो. विमानतळाजवळ देवनहळ्ळी तालुक्यात चन्नरायपट्टण होबळीच्या (होबळी म्हणजे तालुक्याचा उपविभाग) १३ गावांतली १,७७७ एकर जमीन उद्योगासाठी घेतली जाणार होती. शेतकरी तीन वर्षांहून अधिक काळ धरण्यावर बसले आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने ते संपादन सोडून दिल्याचं जाहीर केलं. निदान त्या गावांत तरी पाणी कोण सोडायचं असं विचारलं, तर सांगणाऱ्याला बोट दाखवायला समोर बांध आहे.