दोन आसनांची मोटार आणि तिचें मोल

घरांत कोणतीहि मोठी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे वडीलधारीं माणसें तीन प्रश्न विचारतात. पैसे किती पडतील? वस्तु किती वर्षें टिकेल? आणि ती घरांतील किती जणांच्या उपयोगी पडेल? हे प्रश्न शहाणपणाचे आहेत, आणि शिवणाच्या यंत्रापासून राहत्या घरापर्यंत ते सर्वत्र लागू पडतात. परंतु कांहीं वस्तु अशा असतात, कीं त्यांच्यापाशीं तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसतें. तंबोरा घेतांना तो किती जणांना पुरेल हें कोणी विचारीत नाहीं. केवळ चालविण्याच्या आनंदासाठीं घडविलेली दोन आसनांची मोटार तंबोऱ्याच्या जातीची कीं घरगुती वाहनाच्या जातीची, असा वाद गेल्या वर्षीं आमच्या घरांत उपस्थित झाला. वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत. त्यांच्याहि घरीं हा प्रश्न आज ना उद्यां निघेल, म्हणून त्याची हकीकत आणि आम्हांस सुचलेला निर्णय येथें देत आहों.

आमचा पुतण्या दक्षिण कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे. यंत्रांच्या संगतींत आमचें आयुष्य गेलें हें त्याला ठाऊक असल्यामुळें त्यानें एके रात्रीं दूरध्वनीवरून विचारलें, "काका, माझदाची मियाता घ्यावी म्हणतों. गाडीची घडण दहा वर्षांची जुनी झाली आहे. अजून ती पैसे टाकण्याजोगी आहे का?" प्रश्न सरळ हिशेबाचा होता. परंतु शेजारीं बसलेल्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आईनें, तो ऐकला आणि दुसराच प्रश्न पुढें केला. "दोनच माणसांची गाडी? मग मी आलें म्हणजे कोठें बसायचें?"

आमचे थोरले बंधु आज हयात नाहींत. त्यांच्यापाशीं एक चेतक स्कूटर होती. वहिनी मागें, थोरली मुलगी दोघांच्या मध्यें आणि हा पुतण्या पुढें उभा, असा तो संसार त्या स्कूटरवरून कित्येक वर्षें पुण्यांत हिंडला. "ह्यांच्या दोन आसनांवर आम्ही चौघें मावलों," वहिनी म्हणाल्या, "आणि ह्याच्या दोन आसनांत आई मावत नाहीं." ह्या वाक्यापुढें हिशेब काय मांडणार? तरीहि आम्हीं दोन्ही प्रश्न वेगळे ठेवावयाचें ठरविलें. आधीं यंत्र पाहावें, मग माणसें.

ह्या गाडीचा इतिहास मनोरंजक आहे. उघड्या टपाच्या, हलक्या, दोन आसनांच्या मोटारी ही मूळची इंग्रजांची हौस. एम. जी., ट्रायम्फ, लोटस हीं त्यांतील नांवाजलेलीं नांवें. त्या गाड्या देखण्या आणि स्वस्त होत्या; पण तेल गाळावें, पावसांत रुसावें आणि वाटेंत मालकाला खालीं उतरवावें, अशी त्यांची ख्याति. १९८० मध्यें अ‍ॅबिंग्डनचा एम. जी.चा कारखाना बंद पडला, आणि ही जात नामशेष होणार असें वाटूं लागलें. त्याच सुमारास बॉब हॉल नांवाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकारानें माझदाचे केनिची यामामोतो ह्यांना सुचविलें, कीं तुम्ही अशी साधी गाडी पुन्हां कां करीत नाहीं? पुढें हॉल स्वतःच त्या कंपनींत गेले. १९२० मध्यें बुचाच्या धंद्यासाठीं निघालेल्या आणि १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या करणाऱ्या हिरोशिमाच्या ह्या कारखान्यानें १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत आपली गाडी मांडली. १.६ लिटरचें इंजिन, ११६ अश्वशक्ति, वजन हजार किलोच्या आंत आणि अमेरिकेंतील किंमत १३,८०० डॉलर. ऐट इंग्रजी, पण इंजिन रोज सकाळीं मुकाट्यानें सुरू होणारें!

तोशिहिको हिराइ हे ह्या योजनेचे प्रमुख. त्यांनीं आपल्या माणसांपुढें ध्येय ठेवलें तें 'जिंबा इत्ताइ' ह्या जुन्या जपानी शब्दांत, म्हणजे स्वार आणि घोडा एकदेह होणें. आपल्याकडे घोड्यावर मांड बसणें म्हणतात, त्याच्याच जवळचा हा भाव आहे. लगाम ओढावा लागत नाहीं. स्वाराच्या मनांत आलें कीं जनावर वळतें. हें साधावयाचें कसें? शक्ति वाढवून नव्हे, तर ओझें कमी करून. इंजिन पुढच्या चाकांच्या आंसामागें सरकविलें, जोर मागच्या चाकांस दिला, आणि भार पुढें-मागें जवळजवळ समसमान वाटला. आसन इतकें खालीं ठेवलें कीं रस्त्याचा पोत बसणाऱ्याला कळावा.

हें सूत्र पुढें सुटलें नाहीं, हीच ह्या गाडीची खरी दौलत. २००० सालीं सर्वाधिक खपलेली दोन-आसनी स्पोर्ट्स मोटार म्हणून गिनीजच्या विक्रमांत तिची नोंद झाली; एप्रिल २०१६ मध्यें दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. मध्यंतरीं स्पर्धक पुष्कळ आले आणि गेले. होंडाची एस. २००० ही २००९ मध्यें थांबली, निस्सानची ३७०-झेड २०२० मध्यें. फियाटनें तर ह्याच कारखान्यांत, ह्याच सांगाड्यावर आपली १२४ स्पायडर करवून घेतली; तिचाहि खेळ चार-पांच वर्षांत आटोपला.

आतां प्रश्नांतील गाडी म्हणजे चौथी पिढी. २०१४ च्या सप्टेंबरांत ती दाखविली गेली, २०१५ मध्यें विक्रीस आली आणि २०१६ मध्यें तिला जगांतील वर्षाच्या उत्तम मोटारीचा मान मिळाला. प्रत्येक नवी मोटार जुनीहून जाड होण्याच्या ह्या काळांत ती आपल्या आधीच्या पिढीहून सुमारे शंभर किलोंनीं हलकी झाली. अमेरिकन नमुन्याचें वजन सुमारें १०६० किलो. दहा वर्षांत मोटारींच्या जगांत विजेचीं इंजिनें आलीं, भिंतीएवढे पडदे आले; हिचा सांगाडा मात्र तोच. म्हणून ती म्हातारी झाली असें म्हणावें काय?

आमच्या मतें येथेंच विचाराची गल्लत होते. जी वस्तु नवलाईवर विकली जाते ती नवलाई सरतांच जुनी होते. हिच्यांत नवलाई थोडी, म्हणून उतरण्याजोगेंहि थोडें. शिवाय ती जशीच्या तशी पडून राहिलेली नाहीं. २०१९ च्या नमुन्यांत दोन लिटरच्या इंजिनाची शक्ति १५५ वरून १८१ झाली, फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ६८०० वरून ७५०० वर गेली, आणि सुकाणूचें चाक पुढें-मागें करण्याची सोय प्रथमच मिळाली. २०२४ मध्यें मागच्या चाकांचा डिफरन्शिअल सुधारला व पडदा मोठा झाला. आरंभीच्या वर्षांतील कांहीं गाड्यांची गिअरपेटी नाजूक निघाल्याचा बोभाटा झाला होता. पुढें कारखान्यानें ती बळकट केली.

किंमतीचें पाहूं. २०१५ मध्यें तिची अमेरिकेंतील आरंभीची किंमत २४,९१५ डॉलर होती. २०२४ च्या नमुन्याची २८,९८५. म्हणजे वाढ सुमारें सोळा टक्के. त्याच अवधींत तेथील सर्वसाधारण महागाई तीस टक्क्यांच्या आसपास वाढली. तात्पर्य, पगार महागाईबरोबर वाढलेल्या माणसाला ही गाडी दहा वर्षांपूर्वींपेक्षां स्वस्तच पडते, आणि वर शक्ति अधिक मिळते. पेट्रोलच्या बाबतींतहि ती उधळी नाहीं. शहर व हमरस्ता मिळून लिटरला बारा किलोमीटरांच्या घरांत जाते.

पण दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. टोयोटाची जी. आर. ८६ जवळजवळ त्याच किंमतींत २२८ अश्वशक्ति देते, आणि मागें दोन चिमुकलीं आसनेंहि देते. तिचें वजन मात्र सुमारें दोनशे किलोंनीं अधिक, आणि टप उघडत नाहीं. मियातामध्यें सामानाची जागा १३० लिटर, म्हणजे प्रवासाच्या दोन लहान बॅगा. हमरस्त्यावर वाऱ्याचा आवाज इतका, कीं गप्पा मोठ्यानें माराव्या लागतात. शेजारून उंच गाड्या जाऊं लागल्या म्हणजे आपण बैलगाड्यांच्या गर्दींत सायकलवर सांपडल्यासारखें वाटतें. आणि तान्हें मूल मागील आसनावर बसविणें सुरक्षित. येथें मागील आसनच नाहीं. सबब, घरांतील एकुलती एक मोटार म्हणून ही गाडी आम्ही कोणालाहि सुचविणार नाहीं. हिंदुस्थानांत तर कारखाना ती विकतच नाहीं. जकात भरून ती येथें आणली तर मोलाचा प्रश्नच निकालांत निघतो.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशीं आम्ही पुतण्याकडे गेलों आणि परीक्षेसाठीं मागितलेल्या एका गाडींत बसलों. लॉस एंजलिसच्या उत्तरेस सॅन गॅब्रिएल पर्वतांतून जाणारा रस्ता आपल्या घाटांसारखाच वळणावळणाचा आहे. टप एका हातानें, बसल्या जागेवरून मागें टाकतां येतो. गति फार नव्हती. पण प्रत्येक वळणावर गाडी किती झुकते, चाक किती पकड घेतें, हें सारें जणूं तळहातांत कळत होतें. आमच्या गुडघ्यांनीं उतरतांना तक्रार केली, हेंहि नमूद करतों.

घरीं आल्यावर आम्हीं पुतण्याला सांगितलें तें असें. नवी घेऊं नको. घडण जुनी असल्याचा लाभ विकणाऱ्याला नाहीं, घेणाऱ्याला आहे. २०१९ नंतर यंत्रांत फारसा बदल नाहीं. मग नवलाईची किंमत पहिल्या मालकानें भरूं द्यावी आणि चार-पांच वर्षें जपून वापरलेली गाडी आपण घ्यावी. घेण्यापूर्वीं तिऱ्हाईत कारागिराकडून ती खालून वर तपासून घ्यावी. कापडी टपाच्या कडेला पाणी वाहून जाण्याच्या ज्या नळ्या असतात त्या पाल्यानें तुंबल्या कीं पाणी आंत मुरतें. म्हणून आसनामागील गालिचा हातानें चाचपून पाहावा. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आंकडे त्याच्या जन्माचा आठवडा व वर्ष सांगतात. नक्षी ताजी दिसली तरी ते वाचावेत. दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात. आणि सूनबाईंची घरगुती मोटार आहे तशीच राहूं द्यावी. ती राहत असेल आणि कर्ज काढावें लागत नसेल, तर ही गाडी आजहि मोलाची आहे. ह्यांतील एकहि अट मोडत असेल तर ती महाग आहे. पुतण्यानें त्याप्रमाणें २०१९ ची एक गाडी शोधून घेतली.

राहिला वहिनींचा प्रश्न. त्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आम्हीं तें दिल्याचा आवहि आणला नाहीं. ह्या वसंतांत त्या मुलाकडे गेल्या. पहिले पंधरा दिवस त्यांनीं त्या गाडीकडे पाहिलें नाहीं. मग एका रविवारीं सूनबाई मुलाला घेऊन कोठें गेल्या असतां पुतण्यानें आईला हात देऊन त्या खोलगट आसनांत बसविलें आणि समुद्राकडे नेलें. परत आल्यावर वहिनींनीं आम्हांस फोन केला. गाडीची स्तुति त्यांनीं केली नाहीं. बसतांना कंबर धरते, केंस विसकटतात, आणि पैसे नासले तें नासलेच, असें त्या म्हणाल्या. थोडें थांबून म्हणाल्या, "पण भावोजी, त्या गाडींत तिसरें कोणी बसूंच शकत नाहीं. लग्न झाल्यापासून तो एकटा माझ्याशीं तासभर बोललाय, असें आजच झालें. ह्यांच्या स्कूटरची आठवण त्यानेंच काढली."

आसनें दोन म्हणून जागा नाहीं, हें वहिनींचें म्हणणें आजहि खोटें ठरलेलें नाहीं. नातवंडासह सारें कुटुंब देवळांत जावयाचें झालें कीं घरगुती मोटारच बाहेर निघते. परंतु अशा वस्तूचा हिशेब करतांना ती किती जणांना पुरते ह्याबरोबरच, ज्या दोघांना पुरते त्यांपैकीं दुसरें आसन आपण कोणाकोणाला देतों, हेंहि मांडावें लागतें. पुतण्याला आम्हीं तेवढेंच कळविलें आहे.