चौरस्त्यावरील स्तूप आणि छळितांची स्मारके

काशीद (ता. मुरूड, जि. रायगड) येथील एका उपासकाने आम्हांस विचारले आहे : समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या छळाची सार्वजनिक स्मारके परदेशांत उभी आहेत, बौद्धांनी त्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून येथे संक्षेपाने विवेचन करीत आहोत.

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा या चौघांस 'थूपारह' म्हणजे स्तूपास पात्र म्हटले आहे. तथागतांचा स्तूप महापथांच्या चौरस्त्यावर उभारावा, तो पाहून बहुजनांचे चित्त प्रसन्न व्हावे, असा तेथील आशय आहे. म्हणजे स्तूपाचे प्रयोजन पाहणाऱ्याच्या चित्ताशी निगडित आहे. छळितांचे स्मारक स्तूप नव्हे. तेथे पूजा अभिप्रेत नाही. परंतु ते लोकांच्या वाटेवर असावे आणि त्याने चित्त पालटावे, हे तत्त्व दोहोंस समान आहे.

नाझी राजवटीने समलिंगी पुरुषांना छळछावण्यांत कोंडले आणि त्यांच्या वस्त्रांवर गुलाबी त्रिकोणाची खूण लावली. १९८७ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे कालव्याकाठी गुलाबी ग्रॅनाइटच्या तीन त्रिकोणांचे स्मारक झाले. अपमानाची खूण तेथे स्मरणाची खूण झाली. त्यांतील एक त्रिकोण पायऱ्यांनी पाण्यात उतरतो. पाण्याकडे उतरण्याचा अर्थ रायगड जिल्ह्यातील बौद्धांस निराळा सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. महाडचा क्रांतिस्तंभ नाकारलेल्या माणुसकीचेच स्मरण देतो.

धम्मात या व्यक्तींस स्थान आहे काय? विनयात पंडकास उपसंपदा नाकारली आहे, हे लपविण्याचे कारण नाही; त्या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. पण त्याच विनयात, पाराजिक प्रकरणी, एका भिक्षूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकटल्याची कथा आहे. भगवंतांनी त्यास बहिष्कृत केले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तीच वर्षे कायम ठेवून भिक्षुणींमध्ये राहण्याची अनुज्ञा दिली. देह पालटला, तरी संघातील ज्येष्ठता अबाधित राहिली.

बाबासाहेबांची भूमिकाही स्मरणीय आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर, वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल, अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. शंका विकृत मानली तरी तिचे निरसन ज्ञानानेच होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले. विचार हरला नाही.

१८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ च्या कक्षेतून प्रौढांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वगळले. इतिहासाने या समूहाची क्षमा मागितली पाहिजे, असे न्या. इंदू मल्होत्रा यांनी त्या वेळी नमूद केले. सार्वजनिक स्मारक म्हणजे अशा क्षमायाचनेचे दगडातील रूप होय. विहाराने त्याची वाट पाहत बसू नये. वर्षावासातील प्रवचनांत विनयातील ही कथा सांगावी, आणि अशी व्यक्ती वंदनेस आली तर तिला उपासकांच्या पंक्तीत बसवावे.