शाळेपासून १०० वार

श्रोतेहो, आपल्या खेड्यात शाळा बहुधा कोठे असते? चावडी, देऊळ, एस. टी. चा थांबा यांच्या आसपास. किराण्याचे दुकान, चहाचे हॉटेल आणि पानाची टपरीही तेथेच. म्हणूनच शाळेजवळ तंबाखू विकू नये हा नियम ऐकायला साधा वाटला, तरी अमलात आणताना तो कुणाच्या ना कुणाच्या पोटापाण्याशी येऊन भिडतो. तो नियम नेमका काय आहे आणि दुकानदारावर त्याचा काय परिणाम होतो, हे आज आपण पाहू.

मूळ कायदा केंद्राचा, २००३ सालचा. त्याचे सहावे कलम दोन गोष्टी सांगते. १८ वर्षांखालील कुणालाही तंबाखूचा कोणताही पदार्थ विकायचा नाही. आणि शिक्षणसंस्थेच्या १०० वारांच्या आत तो मुळीच विकायचा नाही. १०० वार म्हणजे सुमारे ९१ मीटर. हे अंतर रस्त्याच्या वळणावळणाने मोजायचे नसते. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ, चहूबाजूंनी मोजायचे असते. त्यामुळे रस्त्याने दूर वाटणारी मागल्या गल्लीतली टपरी दोरी लावली की आत येते! दंड २०० रुपयांपर्यंत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा कायदा दुकान बंद करा असे म्हणत नाही. तेथे तंबाखू विकू नका, एवढेच म्हणतो. बिस्किटे, साबण, वह्या खुशाल विका. मग दुकानदार का कुरकुरतो? त्याचा हिशेब समजून घ्या. तंबाखूच्या पुडीत किंवा विडीच्या बंडलात त्याला सुटतात थोडेच पैसे. पण ते गिऱ्हाईक रोजचे. विडीसाठी आलेला माणूस काड्यापेटी नेतो, चहापत्ती नेतो. तो १०० वारांपलीकडच्या दुकानात गेला, की त्याच्याबरोबर त्याचा किराणाही जातो. त्यात सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने सुट्या विड्या-सिगारेटी विकण्यास मनाई केली. आणि टपरीचा धंदा तर बराचसा सुट्यावरच चालायचा.

मग नियम ढिला करावा काय? नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळजवळ एक जण तंबाखू खाणारा किंवा मिश्री लावणारा, म्हणजे बिनधुराच्या तंबाखूचे सेवन करणारा आढळला. ही सवय लहानपणी लागली तर सुटणे फार कठीण. तेव्हा नियम हवाच. मात्र तो सर्वांना सारखा लागला पाहिजे. एकाने तो पाळला आणि शेजारच्याने ओळखीच्या जोरावर विक्री चालू ठेवली, तर तोटा होतो तो पाळणाऱ्याचा.

येथे ग्रामपंचायतीचे काम येते. रस्त्यावरच्या आणि गावच्या मोकळ्या जागेवरच्या अतिक्रमणाबाबत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने तिला अधिकार दिलेले आहेत. चार माणसांसमक्ष अंतर मोजावे, रेघ आखावी, आणि टपरी हलवायचीच असेल तर वर्दळीची दुसरी जागा आधी ठरवावी. माणसाला उठवायचे आणि वाऱ्यावर सोडायचे, हा काही न्याय नव्हे.

शेवटी एक गोष्ट शिक्षकबंधूंना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना. "बाळ, जरा एक पुडी घेऊन ये," म्हणून आपणच पोराला दुकानात पिटाळतो. दुकानदार ओळखीपोटी देतो. पुडी कुणासाठी, हे कायदा विचारत नाही. मुलाला विकली की गुन्हा झाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तलफ आपली आणि तुरुंग दुकानदाराला, असे होता कामा नये. त्याने पोराला सरळ "नाही" म्हणावे. आणि ते पोर रिकाम्या हाताने परत आले, तर आपण दुकानदारावर रागावू नये.