‘नवा वर्ग’ म्हणजे नेमके कोण?

बुद्धिवंत हाच नवा सत्ताधारी वर्ग, हे मत अनेकदा मिलोवान जिलास यांच्या नावावर खपवले जाते. युगोस्लाव्हियाच्या या माजी उपाध्यक्षांचे ‘द न्यू क्लास’ १९५७ साली, ते तुरुंगात असताना, अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांचा रोख मात्र कम्युनिस्ट पक्षाच्या नोकरशाहीवर होता. देवस्थानची जमीन विश्वस्तांच्या नावावर नसते, पण ती कोणी कसायची हे तेच ठरवतात; तसाच हा वर्ग, मालकीहक्काविना मालक.

बुद्धिवंतांचा मुद्दा मांडला हंगेरीच्या कोनराड आणि सेलेन्यी या अभ्यासकांनी. पुनर्वितरण (उत्पन्न गोळा करून राज्याने ते वाटणे) कसे करायचे हे तज्ज्ञ ठरवू लागले, की ज्ञानच सत्तेचा आधार बनते. तरीही हा वर्ग अजून सत्तेच्या वाटेवर आहे, एवढेच ते म्हणाले. एवढ्यासाठीही १९७४ साली दोघांना अटक झाली!