गरोदरपणातला कॅन्सर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साधारण १,००० गरोदर स्त्रियांमागे एकीला कॅन्सरचे निदान होते. स्तन, गर्भाशयमुख, थायरॉइड, रक्त आणि लसिकाग्रंथींचे कॅन्सर त्यात अधिक दिसतात.

दूध यायच्या सुमारास स्तनात गाठी होतातच, हा समज सर्वांत महागात पडतो. गरोदरपणात स्तन जड आणि घट्ट होतात हे खरे. पण दोन आठवड्यांनंतरही टिकून राहिलेली गाठ तपासलीच पाहिजे. सोनोग्राफी आणि सुईने केलेली बायॉप्सी या काळात सुरक्षित असते. तरीही ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणून तपासणी लांबते आणि आजार तेवढाच पुढे सरकतो.

आईला वाचवायचे तर गर्भपात अटळ, असेही मानले जाते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये केवळ गर्भपाताने आईचे आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. पहिल्या तिमाहीत तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कॅन्सर आढळला, तर मात्र उपचार लांबवता येत नाहीत आणि हा प्रश्न खरोखर उभा राहतो. निर्णय त्या स्त्रीचा. तिचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने करावा लागला, तर भारतीय कायद्यातली आठवड्यांची मर्यादा आड येत नाही.

सर्वाधिक भीती केमोथेरपीची असते. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात, म्हणून तेव्हा केमो टाळतात. त्यानंतर डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड यांसारखी औषधे देता येतात. स्तनाच्या कॅन्सरवरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध मात्र देत नाहीत, कारण त्याने गर्भजल घटते. त्याच कॅन्सरवरच्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या आणि बहुतेक वेळा रेडिओथेरपीही बाळंतपणानंतरच. शस्त्रक्रिया कोणत्याही तिमाहीत करता येते. आईच्या कॅन्सरला गर्भात सामोरे गेलेल्या १२९ मुलांचा अभ्यास २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची बौद्धिक वाढ इतर मुलांसारखीच होती. फरक पडत होता तो अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे. त्यामुळे उपचारांच्या घाईपोटी बाळंतपण लवकर उरकणे बहुधा चुकीचेच. केमो सुरू असताना अंगावर पाजता येत नाही. आईचा कॅन्सर बाळाला होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

मोठ्या शहरातही एक अडचण उरते: कॅन्सरचे उपचार एकीकडे आणि बाळंतपण दुसरीकडे. जयपूरच्या मानसरोवरमधल्या स्त्रीला कॅन्सरसाठी प्रतापनगरची राज्य कॅन्सर संस्था किंवा जवाहरलाल नेहरू मार्गावरचे भगवान महावीर रुग्णालय आहे. बाळंतपणाची मोठी सरकारी रुग्णालये मात्र चांदपोल आणि सांगानेरी गेटला. शेवटचा केमो आणि बाळंतपण यांत सुमारे तीन आठवडे हवेत. म्हणून कॅन्सरतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञांनी मिळून एकच वेळापत्रक आखले आहे का, हे कुटुंबाने पहिल्याच भेटीत विचारावे.