आतडं बाहेरून पाहणारं यंत्र

वाराणसीत लहरतारा म्हटलं की कबीरांचं तळं आठवतं. त्याच भागातलं रेल्वेचं कॅन्सर रुग्णालय पुढे परळच्या टाटा मेमोरियलने चालवायला घेतलं. आता ते होमी भाभा कर्करोग रुग्णालय. त्याचं मोठं भावंड, महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्र, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात आहे. २०१९च्या फेब्रुवारीत दोन्हींचं उद्घाटन झालं आणि पूर्वांचल-बिहारच्या रुग्णांना परळचा फुटपाथ गाठण्याखेरीज दुसरा मार्ग मिळाला.

या पट्ट्यात बोलबाला तोंडाच्या आणि पित्ताशयाच्या कॅन्सरचा. सरकारी चाचणी मोहिमाही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्याच. मोठ्या आतड्याकडे कुणी आपणहून पाहत नाही. शौचावाटे रक्त गेलं की घरात निदान ठरलेलंच असतं: मूळव्याध! वर्षभर चूर्ण चालतं.

आतड्यातला कॅन्सर बहुधा आधी पॉलिप असतो, म्हणजे अस्तरावर उगवलेला कोंब. तो बिघडायला साधारण दहा वर्षं लागतात, त्यामुळे शोधायला वेळ भरपूर. पण दीड मीटर आतड्यात दुर्बीण घालून घ्यायला धडधाकट माणूस का तयार होईल?

यावर तोडगा म्हणून १९९४च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड व्हाइनिंग यांनी सीटी कोलोनोग्राफी मांडली. आदल्या दिवशी पातळ आहार आणि जुलाबाचं औषध. सोबत बेरियम किंवा आयोडिनचं द्रव पाजतात, म्हणजे उरलासुरला मळ चित्रात पांढरा दिसतो आणि कोंबाशी गल्लत होत नाही. मग गुदद्वारातून बारीक नळीने कार्बन डायऑक्साइड भरून आतडं फुगवतात आणि उताणं, मग पालथं निजवून सीटी काढतात. कूस बदलली की मळ घरंगळतो, कोंब जागचा हलत नाही. ही युक्ती मला साऱ्या संगणकी करामतीपेक्षा जास्त आवडते. भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होतं. नंतर डॉक्टर पडद्यावर आतड्याच्या बोगद्यातून फिरून येतात.

सुश्रुताची परंपरा काशीची. त्याच्या संहितेत नाडीयंत्रांचा, म्हणजे नळीसारख्या अवजारांचा, एक उपयोग ‘रोग पाहण्यासाठी’ असाच सांगितलाय. आत डोकावायची हौस या गावाला जुनी आहे म्हणायची.

२००८च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दहा मिलिमीटर वा त्याहून मोठे कोंब असलेल्यांपैकी ९० टक्के माणसं सीटी कोलोनोग्राफीत सापडली. बारीक आणि चपटे कोंब मात्र निसटतात. शिवाय सीटी कोंब दाखवते, काढत नाही. त्यासाठी दुर्बीण घालावीच लागते. तिकडे अमेरिकेत वयाच्या ४५नंतर दर पाच वर्षांनी करायच्या पर्यायांत ही सीटी आहे. आपल्याकडे हा आजार तुलनेने कमी, म्हणून सरसकट सगळ्यांची सीटी काढणं मला पटत नाही. ज्याला रक्त जातंय त्याला तर सीटीच्या रांगेत उभं करूच नये, थेट दुर्बिणीकडे धाडावं. यंत्राची खरी गरज पडते ती दुर्बीण गाठीपाशी अडते आणि पलीकडचं आतडं पाहायचं राहून जातं तेव्हा.